कापसाचा पॅरा

वऱ्हाडातले निम्मे गुरुजी एक जूनला जन्मले, असं शाळेचा दाखला सांगतो. मायला विचाराल तर ती म्हणेल, कायचा जून, पोराच्या वेळी तूर सोंगणं चालू होतं. पण नाव घालायला नेलं तेव्हा हेडमास्तरांनी सोयीची तारीख टाकली, आणि वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी त्या सोयीचा परिणाम असा झाला, की मे महिन्याच्या शेवटी जिकडे पाहावं तिकडे सेवापूर्तीचे समारंभ. शाल, श्रीफळ, वांग्याची भाजी, बुंदी आणि मानपत्र. मानपत्राशिवाय मास्तर रिटायर होतच नाही, त्याची पेन्शन अडली तरी चालते.

ही मानपत्रं प्राजक्ता लिहायची. अमरावतीत देवीदासभाऊंचं फ्रेमा आणि ट्रॉफ्यांचं दुकान होतं. गिऱ्हाईक तिथं येऊन नाव-गाव सांगायचं, मजकूर प्राजक्ता लिहायची, आणि भाऊ तो सोनेरी बॉर्डरच्या कागदावर छापून काचेत बसवून द्यायचे. एका मजकुराचे तिला पंधराशे मिळत. कविता छापून आली तर तिला मासिकाचा एक अंक मिळायचा, तोही टपालात हरवला नाही तर. त्या मानानं मानपत्र म्हणजे दुभती गाय.

त्या शुक्रवारी सकाळी अकरा वाजता मात्र ही गाय आटली होती. प्राजक्ता दुकानातल्या मागच्या टेबलावर बसून होती, समोर कोरा कागद होता आणि पाच वाजेपर्यंत मजकूर द्यायचा होता. रविवारी अकोल्याला खुशालराव गावंडे सरांचा समारंभ होता. सर म्हणजे तिचे सर. अकोल्याच्या शाळेवर बदली होण्याआधी ते अमरावतीजवळ तिच्या गावच्या शाळेत होते. सातवीत त्यांनीच तिच्या हातात पहिल्यांदा कोरी वही ठेवली होती. शाळेच्या समितीनं मानपत्राची ऑर्डर दिली आणि वरून सांगितलं, की वाचायलाही पोरगी तीच पाहिजे, माजी विद्यार्थिनी म्हणून. सोमवारपासून पाच दिवस झाले होते. पाच दिवसांत पाच ओळी झाल्या नव्हत्या.

त्यात परतवाड्याचा फोन होताच. दोन वर्षांपूर्वी तिनं इंग्रजी शाळेतली सहा हजारांची नोकरी सोडली, तेव्हा वडिलांनी, सूर्यभाननं, दोन सीझनची मुदत दिली होती. सूर्यभान फुलं पिकवायचा आणि विकायचा, त्याला मुदत कळायची. फूल एक दिवस थांबत नाही, पोट्टी दोन वर्षं थांबली, हे त्याच्या हिशेबानं फारच झालं. त्याचा मामेभाऊ मनोज परतवाड्याला बी-बियाणं, खतं विकायचा. त्याला बिलं करायला घरचं माणूस हवं होतं. पगार चौदा हजार. पेरणी तोंडावर आली होती, म्हणून रविवारी संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही सांगायचं होतं. दोन वर्षं तिनं कुठल्याही नोकरीला नाही म्हणताना मागेपुढे पाहिलं नव्हतं. आता पाहत होती. मे-जूनमध्ये पैसा यायचा आणि बाकीचे दहा महिने गणपती मंडळाचं एखादं पत्रक, एखादी तेरवीची चारोळी. त्यामुळे तिनं मनातल्या मनात एक पैज लावून टाकली होती. सरांचं मानपत्र धड लिहिता आलं, तर परतवाड्याला नाही म्हणायचं. नाही आलं, तर गुपचूप जाऊन बिलं फाडायची.

आता तुम्ही म्हणाल, ज्या माणसावर जीव आहे त्याच्यावर एक पान लिहायला काय जातं? तर तिथंच घोडं पेंड खात होतं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पहिलीच ऑर्डर होती, दर्यापूरकडच्या एका मुख्याध्यापकांची. भाऊंनी तिला चिठ्ठी दिली. तिच्यावर नाव, पदवी, तारीख आणि 'स्वभाव मनमिळाऊ' एवढंच. मनमिळाऊ या एका शब्दावर पान कसं भरायचं? तिनं फोन केला तर समितीचे लोक म्हणाले, तुमीच टाका ना काहीतरी चांगलं. मग तिनं तिच्याजवळ होतं ते चांगलं टाकलं. ते होतं गावंडे सरांचं.

ती सातवीत असताना दसऱ्याच्या तोंडावर आई रुख्मिणी दवाखान्यात होती. घरात झेंडूचे ढीग, हारांच्या ऑर्डरी आणि ओवायला माणूस नाही. सूर्यभाननं पोरीला शाळेतून काढून पोत्यावर बसवलं. चौथ्या दिवशी संध्याकाळी सर आले. भांडले नाहीत, समजावलं नाही. पोत्यावर मांडी घालून बसले, सुई-दोरा घेतला आणि म्हणाले, तू वाच, मी ओवतो. आठ दिवस असं चाललं. सूर्यभाननं पोरीला पुन्हा शाळेत धाडलं, कारण एका मास्तरच्या हाताखालून हार निघताना पाहून त्यालाच लाज वाटायला लागली. सरांचे हार मात्र वाकडे व्हायचे. झेंडू मधोमध टोचायचा सोडून ते कडेला टोचायचे, आणि हार हातात धरला की गरगर फिरायचा.

हे तिनं त्या दर्यापूरकडच्या मुख्याध्यापकांना देऊन टाकलं. फक्त फुलांच्या जागी कापूस केला, कारण तिकडे कापूस. 'गैरहजर विद्यार्थिनीच्या शेतात स्वतः जाऊन, तिच्या वाट्याचा कापूस वेचून, तिला पुन्हा शाळेच्या बाकावर बसवणारे आपण.' वाचन झालं तेव्हा हॉलमधल्या बाया डोळे पुसत होत्या. स्वतः मुख्याध्यापकही रडले. इतके रडले, की त्यांना हे खरंच आठवायला लागलं असावं. कोणीतरी व्हिडिओ काढला, तो मास्तरांच्या ग्रुपवर फिरला आणि दुकानात गिऱ्हाईक येऊन सांगू लागलं, तो कापसाचा पॅरा टाकसान बरं.

टाकला. काहून नाही टाकणार? पहिल्या वेळी थोडं टोचलं. दुसऱ्या वेळी कमी. दोन वर्षांत अमरावती आणि अकोला मिळून सहा गुरुजींनी गैरहजर पोरींचा कापूस वेचला. त्यातल्या एकाचं तर गणित शिकवण्यापेक्षा प्लॉट विकण्यावर जास्त लक्ष होतं, हे अख्ख्या तालुक्याला माहीत होतं. त्यानंही वेचला.

आणि आता ज्यानं खरंच फुलं ओवली, त्याच्यासाठी तिच्याजवळ शब्द उरला नव्हता. 'ज्ञानाचा वसा' लिहिलं, खोडलं, ते गेल्या जूनमध्ये गेलं होतं. 'काळ्या मातीतला हिरा' खोडलं, ते तीनदा गेलं होतं. जे लिहावं ते विकून झालेलं. तीन वाजता ती इतकी घाबरली, की कोणी पाहील म्हणून उठून मागच्या बोळीत जाऊन रडली आणि तोंड धुऊन परत आली.

देवीदासभाऊंनी ओळखलं. माणूस वाईट नव्हता, दुकानदार होता. त्यांनी सांगितलं, एवढा जीव कशाला जाळतेस, कापसाचा पॅरा टाक, वरखाली दोन ओळी बदल, लोकांना ऐकलेलंच आवडतं. आरती काय आपण दरवर्षी नवी म्हणतो? हे ऐकून प्राजक्ताला राग आला, आणि त्या रागातच तिचा हात चालला. तिनं ठरवलं, जसं घडलं तसंच लिहायचं. पोतं, झेंडू, वाकडे हार, सगळं. एकही मोठा शब्द नाही. पावणेपाचला पान भरलं होतं. दोन वर्षांत लिहिलेलं सगळ्यात चांगलं पान होतं ते, हे तिला कळत होतं. म्हणून तर आणखी धाकधूक वाटत होती.

रविवारी ती आणि सूर्यभान एसटीनं निघाले. सरांचा समारंभ म्हटल्यावर सूर्यभान स्वतः दोन मोठे हार घेऊन आला होता, केळीच्या पानात गुंडाळून, मांडीवर बाळासारखे धरून. मूर्तिजापूर येईपर्यंत तो ऊन आणि फुलांचे भाव यांवर बोलला. मग म्हणाला, मनोजचा सकाळी फोन आला होता, संध्याकाळी त्याले काय ते सांगून टाक. ती हो म्हणाली. खिडकीतून येणारी हवा तव्यावरून आल्यासारखी लागत होती.

हॉल भरला होता. पुढे संस्थेचे पदाधिकारी, मधे नातेवाईक आणि मागच्या चार रांगांत दोन्ही जिल्ह्यांतले मास्तर. या मास्तरांचा मे महिना असल्या हॉलमध्येच जातो. त्यांना कोण किती बोलणार, कुठं रडणार आणि बुंदी केव्हा येणार हे पाठ झालेलं असतं. त्यात मूर्तिजापूरचे जानराव मास्तर होते. तोंडानं तिखट, मनानं साफ, आणि गप्प बसणं त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

सर स्टेजवर बसले होते. केस पांढरे झालेले, शर्टाची कॉलर थोडी विरलेली. तिला पाहून हसले. तिनं वाचायला सुरुवात केली. पहिला परिच्छेद ठीक गेला. मग ती त्या ओळीवर आली.

"दसऱ्याचे दिवस होते. वर्गातली एक मुलगी चार दिवस शाळेत आली नव्हती. सर तिच्या घरी गेले..."

मागच्या रांगेत कोणीतरी हळूच म्हणालं, आला, कापूस आला. दोघे-तिघे हसले. प्राजक्ताला ऐकू आलं. तरी ती वाचत राहिली. "...आणि पोत्यावर बसून त्यांनी तिच्या वाट्याचे झेंडूचे हार ओवले."

जानराव मास्तरांनी अगदी मोकळ्या मनानं विचारलं, "फुलं झाले काय आता? कापूस सरला वाटते!"

हॉलमध्ये हशा पिकला. मागच्या चार रांगा तर हसल्याच, पुढचे पदाधिकारीही हसले. हसण्यात दुष्टावा नव्हता, ओळखीचं हसणं होतं, सहा समारंभांचं साठलेलं. प्राजक्ताच्या हातातली फ्रेम थरथरायला लागली. हे खरं आहे, असं ओरडून सांगावंसं वाटलं तिला. पण सहा वेळा तेही खऱ्यासारखंच लिहिलं होतं ना तिनं? खऱ्याची शपथ घ्यायला तिच्याकडे तोंडच नव्हतं. वाकड्या हारांची ओळ तिनं कशीबशी वाचली, ती कोणी ऐकली नाही. उरलेलं पान वाचलं आणि खाली येऊन वडिलांच्या शेजारी बसली. सूर्यभान समोर पाहत होता. तो खुर्चीच्या कडेला येऊन बसला होता.

सत्काराला उत्तर द्यायला सर उठले. मागे अजून खुसखुस चालू होती. सरांनी माइक नीट केला, सगळ्यांचे आभार मानले.

"मानपत्रात थोडंफार वाढवून लिहावंच लागते," ते म्हणाले. "मी काही कोणाच्या घरी जाऊन हार-बीर ओवले नाहीत. पण या पोरीचं पोट आहे त्याच्यावर. तिले हसू नका."

टाळ्या पडल्या. चांगल्या जोरात पडल्या. जानराव मास्तरांनी उभं राहून हात जोडले, माफी मागितली, आणि कार्यक्रम पुढे गेला. प्राजक्ताला मात्र चोरी पकडल्यावर जेवढी लाज वाटली नसती, तेवढी त्या टाळ्यांची वाटली.

जेवणाच्या वेळी ती पंगतीला बसली नाही. सर हात धुवायला बाहेरच्या नळावर आले, तशी ती जवळ गेली आणि पाया पडली.

"सर, तुमी तसं काहून म्हटलं? खरं होतं ते."

"तू थरथरत होती. मले दुसरं काही सुचलं नाही." सरांनी रुमालानं हात पुसले. ती माफी मागायला लागली तर त्यांनी मान हलवली, नको म्हणून. मग खाली पाहत म्हणाले, "दर्यापूरच्या कार्यक्रमाले मी होतो, प्राजक्ता. कापसाचं आयकलं अन् मले समजलं, हे आपलंच हाय. लय चांगलं वाटलं. घरी येऊन बायकोले सांगतलं, पोरीच्या ध्यानात हाय म्हणून. मग दुसऱ्या कार्यक्रमात आयकलं, तिसऱ्या. त्याच्यानंतर मानपत्र सुरू झालं की मी बाहेर येऊन उभा राहत होतो."

एवढं बोलून त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि आत गेले, कारण आत लोक फोटोसाठी खोळंबले होते. रागावले असते तर बरं झालं असतं. तिला वाटलं, या नळाखाली डोकं घालून उभं राहावं आणि कोणीही आपल्याला नावानं हाक मारू नये.

परतीच्या गाडीत बोरगाव मंजू गेल्यावर सूर्यभाननं विषय काढला. सर खोटं बोलले, असं तो म्हणाला. आपल्याच घरी, आपल्याच पोत्यावर बसून ओवले होते, वाकडे का होईना, ते हार त्यानं स्वतः उसवून पुन्हा ओवले होते. तो उठून सांगणारच होता. पण मग त्याच्या लक्षात आलं, सर तुह्या धंद्यासाठी खोटं बोलले. एवढा मोठा माणूस स्वतःचं पुण्य सोडते म्हणजे त्या धंद्यात काहीतरी असन. आणि होतंच. त्यानं खिशातून लग्नपत्रिकेचा फाडलेला तुकडा काढला. जेवणाच्या पंगतीत तिघांनी त्याला गाठून नंबर दिले होते. तिघांनाही जूनअखेरच्या समारंभासाठी मानपत्र हवं होतं. तिघांनाही फुलाचा पॅरा हवा होता. नवा आहे म्हणाले, अजून कोणाचा झाला नाही. एक तर दोन हजार द्यायला तयार होता.

सूर्यभानचा चेहरा उजळला होता. दोन वर्षांत पहिल्यांदा तो पोरीच्या लिहिण्याबद्दल असा बोलत होता, भाव आलेल्या मालाबद्दल बोलावं तसा. प्राजक्ता त्याच्याकडे पाहत राहिली. हेच ऐकायला तिनं नोकरी सोडली होती, मैत्रिणींची लग्नं पाहिली होती, नातेवाइकांचे टोमणे खाल्ले होते. बापानं म्हणावं, चालते तुहं. आता तो म्हणत होता.

"मनोजले नाही म्हणून टाक," सूर्यभान म्हणाला. "चालून राह्यलं तुहं. मीच मूर्ख, दोन वर्षं तुह्या मागे लागलो."

तिनं फोन काढला. मनोजकाकानं दुसऱ्या रिंगला उचलला. ती म्हणाली, काका, मी येते, उद्यापासूनच येते. पलीकडून तो बरंच काही बोलला, गाडीचं टायमिंग, जेवणाचा डबा. ती हो हो म्हणत राहिली आणि फोन ठेवला.

सूर्यभानला वाटलं, गाडीच्या आवाजात आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. त्यानं पुन्हा विचारलं, तेव्हा तिनं स्पष्ट सांगितलं.

"माह्यापाशी खरं तेवढंच एक होतं, बाबा. ते मी सहा जणाले विकलं. अन् ज्याचं होतं त्याले द्याले गेली, तं ते खोटं निघालं."

सूर्यभाननं हातातला कागद उलटसुलट करून पाहिला. त्याला सगळं कळलं नाही, पण पोरगी रडून राहिली आहे एवढं कळलं, आणि ती रडली की तो कधी जास्त विचारत नसे. मूर्तिजापूरच्या स्टँडवर गाडी थांबली, चार माणसं उतरली, सहा चढली. गाडी पुन्हा निघाल्यावर त्यानं हळूच विचारलं.

"मंग या तिघाईले काय सांगू?"

"सांगा," ती म्हणाली, "पोरगी नोकरीले लागली."